शनिवारी तेल नाही

पोस्टरवर एवढंच लिहिलं होतं मी,
ताळगावच्या पठारावर, हॉस्टेलच्या जिन्यात,
आणि खाली बारीक: गाडी ठेवा, चालत या.
कँटीनचा मिंगेल झारा हातात घेऊनच आला,
"शेनवारा भजीं पसून ना गो, बाय?"

त्याला कसं सांगू, की हे माझं नाव आहे,
जुनं, रेवदंडा ते पेण लोक आम्हाला याच नावाने ओळखत:
शनिवार तेली.
सहा दिवस घाणा, बैलाच्या डोळ्यांवर झापडं,
सातव्या दिवशी
बैलाचीही झापडं काढून खुंटीला.
गावाला वाटे, यांना शनीचं भय.
भय कसलं,
थांबले होते फक्त.

सागरविज्ञानाच्या वर्गात ज्यू मी एकटी.
दुसरा रसायनशास्त्रात, एलिजा थळकर.
तो म्हणतो, दोघांची संघटना होत नाही,
फार तर भांडण होतं.
तेही झालं, सभा शुक्रवारी संध्याकाळी ठेवली म्हणून.
मी म्हटलं, दिवा लावायच्या आत संपवू.
तो म्हणाला, "आणि दिव्यात काय घालतेस?"
खोबरेल, मी म्हटलं,
आणि हसू आवरेना, दोघांनाही.

सरांनी आलेख दाखवला त्या आठवड्यात.
दिवाडीचं खाजन, मानशीची दारं,
उधाणाला बांधावरून किती बोटं पाणी आत येतं.
बाकीचे वहीत उतरवत होते.
मला नवगावचा किनारा दिसत होता:
जहाज फुटलं, सात पुरुष, सात बाया वाचल्या,
एवढंच आमचं पुराण.
समुद्राने तेव्हा बाहेर टाकलं म्हणून मी आहे.
आता तो मागोमाग येतोय,
काहीतरी द्यायचं राहिलं होतं का आमच्याकडून?

बाबांना फोन केला.
ते ठाण्याला पेट्रोलपंपावर हिशेब लिहितात,
तीस वर्षं, शनिवार सोडून.
बराच वेळ बोललेच नाहीत.
मग म्हणाले, "म्हणजे उरलेल्या सहा दिवसांचा जाब
तू मला विचारणार."
नाही हो बाबा, मी म्हटलं.
पंपावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

शनिवारी मी पेन धरत नाही.
वही शाणू वेळीपकडे दिली.
मोजायचं काम माझं, पण आमच्यात
माणसं आकड्यांनी मोजत नाहीत,
दहा शब्दांची एक ओळ म्हणतात,
एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत.
दहा भरले की प्रार्थनेला उभं राहायचं.

फाटकापाशी उभी राहिले.
पहिला शब्द क्रुझिन्यावर, सांताक्रूझहून चालत, घामाने निथळत.
मग शाणू, मग एलिजा, चप्पल हातात.
दोन पहिल्या वर्षाची मुलं, हजेरी मिळेल समजून आलेली,
त्यांच्यावरही ठेवले.
एक प्राध्यापिका, म्हणाल्या,
"चढापर्यंत गाडीनेच आले गं, खोटं कशाला बोलू."
त्यांच्यावर शब्द ठेवताना जरा अडखळले.
स्कूटरी येतच होत्या, पन्नास, ऐंशी, धुरळा उडवत.
त्यांच्यासाठी माझ्याकडे शब्द नव्हते.

साडेदहापर्यंत नऊ.
एक शब्द तोंडात तसाच.

तेवढ्यात चढावरून वॉचमन कामील,
स्कूटर ढकलत, शर्ट पाठीला चिकटलेला.
"पंक्चर जालें गो बाय."

"हा नाही धरायचा," एलिजा म्हणाला.
शाणूने पेन उघडलं, माझ्याकडे पाहिलं.
कामीलने गाडी स्टँडला लावली,
टाकीवर दोनदा थोपटलं,
आणि हेल्मेट काढलं, हळू,
आधी एका कानावरून, मग दुसऱ्या,
झापडं काढतात तसं.